गोल असतात असं धरून

पहिल्याच पानावर मी लिहून टाकलं:
सगळे बुडबुडे गोल असतात असं धरून.
बीजं दर लिटरमागे इतकी, सगळी एका मापाची,
कोणी कोणाला धक्का देत नाही.
असं कुठे असतं?
पण कुठून तरी सुरुवात करावी लागते.

सातपूरला, दुसऱ्या मजल्यावर
एसी सर्व्हरसाठी आहे. मी शाल घेऊन बसते.
पडद्यावर नॉझलचं एक भोक,
खरं तर दोन केस शेजारी ठेवले तर बुजेल एवढं.
त्याचे मी बावीस लाख तुकडे केलेत.
डिझेल येतं, काठाला घासून आत वळतं,
आणि त्या वळणावर दाब इतका पडतो
की ते उकळतं.
चूल नाही, आच नाही,
गारच्या गार उकळतं.

आईला सांगायला गेले तर म्हणाली,
सोमेश्वरला पाणी पांढरं होतं, तसं ना?
तसं नाही गं. तिथे हवा शिरते, बाहेरची.
याच्या पोटात बाहेरचं काहीच नाही,
स्वतःचीच वाफ.
पुढे दाब परत आला की तो मिटतो.
जन्मल्यापासून मिटेपर्यंत वीस मायक्रोसेकंद.
त्याचा हिशेब लावायला मला नऊ रात्री.

खाली टेस्ट बेंचवर निवृत्ती गांगुर्डे.
एकतीस वर्षं पंप आणि नॉझल.
डावा कान गेलेला, उजवा जाता जाता थांबलेला.
उभं कापलेलं नॉझल त्यांनी भिंगाखाली ठेवलं.
"बघा मॅडम, देवी आल्यात."
खरंच. आतल्या भिंतीवर बारीक व्रण,
आणि माझ्या रंगीत चित्रातला लाल डाग
पाव मिलिमीटर अलीकडे.
मिलिमीटरभर लांबीच्या भोकात पाव मिलिमीटर
म्हणजे त्र्यंबकला जायचं
आणि पपया नर्सरीला उतरून पडायचं पाया.

"तुमच्या त्याच्यात आवाज येतो का?"
नाही. दाब येतो, वेग येतो,
वाफ किती ते चार दशांशांपर्यंत येतं.
"मग कळतं कसं?"

मी काही बोलले नाही. त्यांनी बेंच चालू केला.
लांब स्क्रूड्रायव्हर घेतला,
टोक नॉझलच्या अंगाला टेकवलं
आणि मूठ दातांत धरली.
डोळे मिटून, बोटानं खूण: वाढव.
एकशेवीस. दीडशे.
एकशेऐंशीला भुवया हलल्या.
मूठ बाहीला पुसून माझ्यापुढे केली.

मी आधी इकडेतिकडे पाहिलं.
मग चावली.

कवटीत कोणीतरी खडी ओतत होतं,
बारीक, कोरडी, न संपणारी.
आणि तिच्यात मध्येच एखादा वेगळा टणका,
सुटा, जवळचा,
दाढेच्या मुळाशी.
"तो," गांगुर्डे म्हणाले. माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं असावं त्यांना.
"तो खातो. बाकीचे नुसते बोलतात."

मला माहीत होतं. वाचलेलं होतं.
भिंतीजवळचा बुडबुडा गोल मिटत नाही.
लांबची बाजू आधी आत येते,
सुई होऊन त्याच्याच पोटातून आरपार निघते
आणि भिंतीत घुसते.
हे चौथ्या पानावर मीच लिहिलंय,
पुढे कंसात: दुर्लक्षणीय.

गांगुर्डे मार्चमध्ये निवृत्त होतायत.
नावाचा विनोद सगळ्यांनी करून झालाय.
त्यांच्या जागी सेन्सर बसवायचं घाटतंय,
कोटेशन आलेलं मी पाहिलं.
स्क्रूड्रायव्हरच्या मुठीवर
दातांची एक खाच आहे, खोल, पिवळी.
तिचं माप कुणी घेतलं नाही.

रात्री भिंतीलगतचे तुकडे आणखी बारीक केले.
तीन चाळीसला गणित फुटलं.
काळाची पायरी निम्मी केली, पुन्हा फुटलं.
तिसऱ्यांदा रन टाकला आणि वाट बघत
पहिलं पान उघडलं.
'गोल' खोडलं नाही.
त्याच्यापुढे लिहिलं:
भिंतीपासून लांब असतील तर.

शाल ओढून घेतली.
जिभेवर डिझेल तसंच होतं.